केळीची फणी चालते, मग दोनशे रुपये का टोचतात?

ताई, नमस्कार. आम्ही यावल तालुक्यातले, केळीवाले. माझे सासरे, आबा, ७६ वर्षांचे आहेत, शुगर आणि बीपी दोन्ही, बारा वर्षांपासून जळगावच्या एकाच डॉक्टरकडे. डॉक्टर एकदम घरच्यासारखे. मी रिपोर्टचे फोटो काढून त्यांच्या व्हॉट्सॲपवर टाकायचे आणि रात्री उशिरा का होईना उत्तर यायचंच, गोळी अर्धी करा, हीच चालू ठेवा, असं. पैशाचा विषय कधी निघालाच नाही. आम्ही पण जाताना केळीची फणी, थंडीत भरताची वांगी घेऊन जातो. गेल्या महिन्यात दवाखान्याचा मेसेज आला की सरांच्या पर्सनल नंबरवर रिपोर्ट पाठवू नका, नवीन नंबरवर पाठवा, मेसेजवरच्या सल्ल्याचे २०० रुपये, सोबत क्यूआर. ओपीडीची फी ५०० आहे. आबांना हे फार लागलं, म्हणतात, "मले एसटी फुकट, अन् मेसेजले दोनशे?" मिस्टर म्हणतात डॉक्टरच बदलू. धाकटे दीर अमेरिकेत ओहायोला आहेत, ते म्हणतात इकडे पण हेच चालू झालंय, भरा पैसे अन् सोडा विषय. चुलत दीर म्हणतात डॉक्टरचं नाव गावाच्या ग्रुपवर टाकतो. फोन माझा, मेसेज करणारी मी, आणि बोलणी खाणारी पण मीच. काय करू?
— एक सूनबाई

सूनबाई, नमस्कार.

आधी चुलत दिरांना थांबवा. आजच. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. गावाच्या ग्रुपवर डॉक्टरचं नाव गेलं की चार लोक लाइक करतील, दोन लोक आपापले जुने राग काढतील, ते स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत दवाखान्यात पोचतील, आणि पुढच्या वेळी आबांना घेऊन त्या दारात तुम्हालाच उभं राहायचंय, चुलत दिरांना नाही. शिवाय डॉक्टरांनी अजून काही वाईट केलेलंच नाहीये, त्यांनी फक्त एक दर सांगितलाय, आणि तो आधी सांगितलाय. हे आधी सांगणं महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येते.

आता आबांचं. आबांचं वाक्य वाचून मी खूप हसले, आणि मग वाटलं की यात गंमत नाहीये, हिशोब आहे. ७५ च्या पुढे एसटी फुकट झाली २०२२ पासून, त्यामुळे आबांच्या दृष्टीनं जळगावला जाणं म्हणजे शून्य रुपये, आणि घरी बसून तुमच्या फोनवरून एक फोटो पाठवणं म्हणजे दोनशे. त्यांचं गणित चुकत नाहीये हो, पण त्यात तुमचं अर्धं तिकीट नाही, सोबत कोणी गेलं की बुडणारा दिवस नाही, कटिंगचा माणूस बांधावर येऊन परत जातो ते नाही, आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत बीपीच्या माणसानं स्टँडवर उभं राहणं तर कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. एकदा त्यांच्याशेजारी बसून हा पूर्ण हिशोब करा, भांडायला म्हणून नाही, नुसतं कागदावर. केळीवाला माणूस आहे, खर्च कशाला म्हणतात ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पण मला वाटतं त्यांना पैसे लागलेच नाहीयेत, क्यूआर लागलाय. बारा वर्षं ज्या माणसाला आपण बागेतली फणी नेऊन दिली त्यानं आपल्याला एकदम दुकानाच्या गल्ल्यावर उभं केलं, असं झालंय ते. आणि मेसेज पण स्वतः डॉक्टरांनी नाही केला, दवाखान्याकडून आला, सगळ्यांना एकच. इथे डॉक्टरांचं चुकलंच असं माझं मत आहे. जुन्या पेशंटला पुढच्या व्हिजिटला समोर बसवून दोन वाक्यं बोलले असते, की आबा आता मला रात्री झेपत नाही म्हणून असं करतोय, तर आबांनीच उलट त्यांना सांगितलं असतं की घ्या ना बाबा पैसे.

झेपत नाही म्हणजे काय ते मी जवळून बघितलंय. माझा सख्खा भाऊ डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावाला प्रॅक्टिस करतो. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला तो पाटावर बसला, मी ताट घेऊन समोर, आणि त्याचा फोन मांडीवर टिंग टिंग टिंग. मी चिडून फोन उचलला तर काय काय होतं त्यात, कोणाची जीभ, कोणाच्या पायाची सूज, कोणाचा गुड मॉर्निंगचा गुलाब, कारल्याच्या रसानं शुगर जाते का असा फॉरवर्ड आणि खाली 'सर खरं आहे का', एकानं तर नुसतंच 'सर', बस, पुढे काही नाही. आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी एका म्हाताऱ्या माणसाचा किडनीचा रिपोर्ट होता, पोटॅशियम वाढलेलं, आदल्या रात्री आलेला आणि त्यानं बघितलेलाच नव्हता. ओवाळणी तशीच राहिली, तो फोन घेऊन अंगणात गेला. माणूस वाचला, सगळं ठीक झालं, पण त्या दिवशी तो जेवताना मला म्हणाला, "अक्का, फुकटच्या मेसेजला मला नाही पण म्हणता येत नाही आणि नीट बघता पण येत नाही." मला हे वाक्य अजून आठवतं कारण तोपर्यंत मी पण त्याला मैत्रिणींचे रिपोर्ट फॉरवर्ड करणाऱ्यांतलीच होते.

तुम्हाला 'गोळी अर्धी करा' असं उत्तर यायचं ना रात्री, ते बहुतेक वेळा बरोबरच असणार, डॉक्टर अनुभवी आहेत. पण आबांची फाइल तेव्हा दवाखान्यात बंद कपाटात आणि डॉक्टर घरी जेवणाच्या ताटावर. कुठली गोळी, किती पॉवरची, मागच्या वेळचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, किती, हे सगळं आठवणीवर. बारा वर्षं हे निभावलं ते डॉक्टरांच्या चांगुलपणावर, पण चांगुलपणावर इन्सुलिनचं युनिट बदलायचं म्हणजे माझ्या तरी पोटात गोळा येतो.

डॉक्टरांची भीतीची बाजू पण आहे, ती कोणी बोलून दाखवत नाही. २०१८ साली मुंबई हायकोर्टानं रत्नागिरीच्या एका डॉक्टर जोडप्याचा अटकपूर्व जामीन नाकारला, डॉक्टर स्वतः हजर नसताना फोनवरून उपचार सांगितले आणि पेशंट दगावली असं ते प्रकरण. त्यानंतर कितीतरी डॉक्टरांनी फोनवर औषध सांगणंच बंद केलं होतं. मग आला करोना, आणि २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी, केंद्राचे टेलिमेडिसिनचे नियम आले. त्यात व्हॉट्सॲपचा मेसेज, फोन, व्हिडिओ, ईमेल सगळं धरलंय, आणि स्पष्ट लिहिलंय की डॉक्टर याची योग्य ती फी घेऊ शकतात, समोर बसून तपासतात तशीच. म्हणजे मिस्टरांना सांगा, हे काही डॉक्टरांनी नवीन दुकान काढलेलं नाहीये, नियमात बसतं.

पण त्याच नियमांत तुमच्या कामाचं पण बरंच आहे, आणि ते दवाखान्याच्या मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही. फी घेतली की पावती द्यायची. सल्ल्याची नोंद ठेवायची. आणि सगळ्यात भारी म्हणजे, पेशंट समोर यायला तयार असताना 'नाही, मेसेजवरच करा' असा आग्रह डॉक्टरांना धरता येत नाही. आबांना फुकटच्या एसटीनं जायचंच असेल तर जाऊ द्या, तो त्यांचा हक्कच आहे. जुना पेशंट असेल, त्याच आजारासाठी असेल आणि शेवटचं तपासून सहा महिने झाले नसतील, तर मेसेजवर फॉलोअप चालतो, आबा यात बसतात. मात्र नशेच्या कायद्यात येणारी जी औषधं आहेत ती अशी लिहून मिळत नाहीत, तेव्हा झोपेची गोळी मेसेजवर दिली नाही म्हणून दवाखान्यावर रागावू नका. आणि फी आधी सांगायची, दवाखान्यात बोर्डावर लावायची, हे तर वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांपासून आहे. मेसेजचा दर पण त्या बोर्डावर आहे का ते पुढच्या वेळी बघा बरं.

आता ओहायोच्या दिरांचं. ते बरोबर सांगतायत पण अर्धं सांगतायत. त्यांच्याच राज्यातल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं नोव्हेंबर २०२२ पासून काही मेसेजला बिल लावायला सुरुवात केली, जास्तीत जास्त पन्नास डॉलरच्या आसपास. त्याच्या एक वर्ष आधी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलनं केलं होतं. करोनात मेसेजचा पूर आला आणि डॉक्टर रात्री घरी बसून उत्तरं टाइप करायला लागले, तिथलं पण कारण तेच, भाऊबीजेचंच म्हणा ना. पण तिथे प्रत्येक मेसेजला पैसे नाहीत. डॉक्टरांची पाच मिनिटं तरी गेली पाहिजेत तेव्हा बिल, त्यांच्या सरकारी विम्यात तर २०२० पासून या बिलाचे कोडच आहेत, सात दिवसांत मिळून पाच ते दहा मिनिटं, अकरा ते वीस, एकवीसच्या पुढे, असे टप्पे. अपॉइंटमेंट मागितली, संपलेली गोळी परत लिहून मागितली, ऑपरेशननंतरची विचारपूस, सात दिवसांत दाखवलेल्याच दुखण्याचा प्रश्न, किंवा उत्तर हेच की 'समोर येऊन दाखवा', याला पैसे नाहीत. दुसरं म्हणजे तिथला मेसेज डॉक्टरांच्या पर्सनल फोनवर जात नाही, हॉस्पिटलच्या ॲपमध्ये जातो, पेशंटच्या फाइलला चिकटतो. दिरांनी ही यादी तुम्हाला सांगितली असती तर जास्त उपयोग झाला असता, नुसतं पैसे भरा म्हणणं डॉलरमध्ये कमावणाऱ्याला सोपं असतं, जाऊ द्या.

तर तुमचा प्रश्न दोनशे द्यायचे की नाही हा नाहीये, दोनशेत काय काय येतं हा आहे. मी तुमच्या जागी असते तर दिले असते आणि लगेच पाच गोष्टी विचारल्या असत्या. आतापर्यंत तुम्ही विचारू शकत नव्हता, कारण फुकटच्या माणसाला कुठल्या तोंडानं विचारणार की उत्तर किती वाजेपर्यंत देणार. आता विचारता येतं. उत्तर स्वतः डॉक्टर देणार की असिस्टंट? किती तासांत? ओपीडीत दाखवून आल्यावर दोन दिवसांनी जो रिपोर्ट येतो, जो त्यांनीच करायला सांगितलेला असतो, त्याचे पण दोनशे का? माझ्या मते त्याचे घेऊ नयेत, ती त्याच पाचशेची शेपूट आहे, समोर जाऊन रिपोर्ट दाखवला तरी बरेच दवाखाने परत फी घेत नाहीत. एका रिपोर्टवर उलटसुलट तीन मेसेज झाले तर दोनशे की सहाशे? आणि दोनशे भरल्यावर उत्तर आलं की 'प्रत्यक्ष या', तर ते पाचशेतून वजा होणार का?

हे शेवटचं मी अनुभवातून सांगतेय. माझ्या बाबतीत एका मोठ्या हॉस्पिटलनं तीनशे घेतले, पूर्ण एक दिवस वाट बघायला लावली, आणि उत्तर काय, 'प्रत्यक्ष दाखवून घ्यावे', खाली ना नाव ना सही, मग प्रत्यक्ष गेले तर परत पूर्ण फी. त्याला मी लूटच म्हणेन. फी घेणाऱ्यांत असे पण असतात, तुमचे डॉक्टर त्यातले नसावेत असं पत्रावरून वाटतं, पण विचारून घेतलेलं बरं.

विचारायचं कसं, तर भांडणाच्या सुरात नाही आणि अगदी हात जोडून पण नाही. नवीन नंबरवर हे असंच टाकलं तरी चालेल:

"नमस्कार. आम्ही सरांचे बारा वर्षांपासूनचे पेशंट. मेसेजवरच्या सल्ल्याची फी समजली, आमची हरकत नाही. फक्त एवढं कळवा की उत्तर सर स्वतः देतील का आणि किती तासांत, ओपीडीत सांगितलेल्या तपासणीचा रिपोर्ट पाठवला तर वेगळी फी आहे का, प्रत्यक्ष बोलावलं तर ही फी त्यात धरणार का, आणि पावती कुठे मिळेल. आणि रात्री-अपरात्री त्रास झाला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा तेही सांगा."

आता मेसेज करण्याबद्दल, कारण दोनशे द्यायचे तर वसूल पण झाले पाहिजेत. सगळं एकाच मेसेजमध्ये लिहा, पाच तुकड्यांत नको. आबांचं पूर्ण नाव, वय, शेवटचं कधी दाखवलं. कुठल्या गोळ्या कधी घेतात ते पाकीट बघून लिहा, 'ती पांढरी गोळी' असं नको. शुगर लिहिताना उपाशीपोटी की जेवणानंतर, तारीख, वेळ. बीपी एकदाचं नाही, तीन-चार दिवसांचं. रिपोर्टचा फोटो उजेडात, कागद सपाट ठेवून, सगळी पानं, लॅबनं पीडीएफ दिली असेल तर तीच टाका. आणि शेवटी प्रश्न एकच. 'रिपोर्ट बघा' हा प्रश्न नव्हे. 'सकाळची शुगर आठवड्यापासून वाढलीय, रात्रीची गोळी वाढवायची का' हा प्रश्न. असं लिहिलं तर डॉक्टरांचं काम दोन मिनिटांचं होतं आणि उत्तर पण धड येतं. आलेलं उत्तर वहीत उतरवून ठेवा, फोन बदलला की चॅट जातं.

छातीत दुखणं, घाम फुटणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, श्वास लागणं, यातलं काही दिसलं तर मेसेज लिहीतच बसायचं नाही, फुकट असो की दोनशेचा. १०८ लावा आणि निघा. शुगर सत्तरच्या खाली गेली आणि आबा शुद्धीवर असतील तर आधी तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, मग कोणाला काय कळवायचं ते कळवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. हे सांगायचं कारण असं की फोनवर निळ्या टिका कधी येतात याची वाट बघत बसलेली घरं मी बघितलीयत. आमचं पण त्यातलंच एक होतं.

आणि सगळं मेसेजवर ढकलू पण नका, पैसे वाचले तरी. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी असते ना, ती झाली की त्या निमित्तानं आबांना समोर घेऊन जा. पायाची बोटं, तळवे, टाचेची भेग हे फोटोत नीट दिसत नाही, आणि केळीच्या बागेत अनवाणी फिरणाऱ्या शुगरच्या माणसाचे पाय कोणीतरी हातात धरून बघायला पाहिजेत. वर्षाला चार चकरा जळगावच्या, त्या आबांच्या फुकट एसटीनं, आणि मधे लागलाच तर दोनशेचा मेसेज. वर्षाकाठी कितीदा लागेल? जुनं चॅट उघडून मोजा. माझा अंदाज आहे की जेवढं वाटतं तेवढं नाही निघणार.

मिस्टरांचं डॉक्टर बदलू म्हणणं मला पटलं नाही. बारा वर्षं आबांचं शरीर ज्यानं बघितलंय तो माणूस दोनशेवरून सोडायचा, नवीन माणसाकडे शून्यापासून सुरू करायचं, सगळ्या तपासण्या परत, आणि तो पण उद्या क्यूआर लावणारच. बदलायचं असेल तर उत्तरं नीट मिळत नाहीत म्हणून बदला.

एक गोष्ट मात्र मला तुमच्या पत्रात खटकली, रागावू नका. तुम्ही म्हणता पैशाचा विषय कधी निघाला नाही, पण फणी जात होती, वांगी जात होती. बामणोदकडची वांगी थंडीत दारात आली तर मी पण दोन रिपोर्ट बघून देईन हो. तुमच्या बागेत निंदणीला येणाऱ्या बाईला पण शुगर असेल, तिच्याकडे ना डॉक्टरांचा पर्सनल नंबर होता, ना न्यायला फणी. ती पाचशे देऊन रांगेत बसत होती नाहीतर जातच नव्हती. म्हणजे ती सोय सगळ्यांना फुकट नव्हतीच, ओळखीच्यांना होती. आता दर लागलाय तर निदान तिला पण तो नंबर मिळाला, पण दोनशे म्हणजे तिची जवळपास दिवसाची मजुरी, तिचं काय हा प्रश्न मला पण सुटत नाहीये. तिला ई-संजीवनीचं सांगा, सरकारी आहे, खरोखर फुकट आहे, २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं, आणि फोन नसेल तर आरोग्य उपकेंद्रातून पण बोलणं करून देतात. नेहमीचा डॉक्टर मिळत नाही त्यावर, पण बीपीच्या गोळीचं विचारायला चालतं. आबांसाठी पण आडल्यानडल्याला ते ॲप फोनमध्ये घेऊन ठेवा.

आबांशी बोलायचं राहिलं. त्यांना माझं नाव सांगू नका, त्यांना पेपरातल्या बायकांचे सल्ले आवडत नसणार असा माझा अंदाज आहे. फक्त एवढं विचारा की केळी घेणारा व्यापारी आपल्या नात्यातला असला तर माल काट्यावर न घालता देता का. नाही ना. काटा होतो, पैसे होतात आणि मग चहा पण होतो, पाहुण्याला कोणी तसाच पाठवत नाही. फणी न्यायची बंद करायची नाही, ती फीच्या बदल्यात नव्हतीच कधी, निदान आबांच्या मनात तरी नव्हती. पुढच्या व्हिजिटला ती आबांच्याच हातानं द्या आणि डॉक्टरांसमोर त्यांना बोलू द्या, तुम्ही मधे पडू नका. एसटीचं ते वाक्य त्यांनी डॉक्टरांना पण ऐकवलंच पाहिजे, मला वाटतं डॉक्टर पण हसतील.

दवाखान्याचं उत्तर आलं की मला कळवा, खास करून प्रत्यक्ष बोलावल्यावर ते दोनशे वजा होणार की नाही, त्याचं.